मापं श्रावणात, चौकट मार्गशीर्षात

दापोली तालुक्यातलं आमचं घर जांभ्या चिऱ्याचं आहे. आजोबांनी १९७८ साली बांधलं. वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे न्हाणीघर, आणि समुद्र सरळ रेषेत दोनेक किलोमीटरवर. अकरा खिडक्या, सहा दारं. आई आता तिथे एकटी राहते. भाऊ डोंबिवलीला असतो, मी पुण्यात बांधकामाच्या साइटवर देखरेखीचं काम करते. जुलै २०२४ मध्ये आईचा फोन आला, तेव्हा पश्चिमेच्या खोलीत खिडकीखाली दोन पातेली ठेवलेली होती आणि पुढचं दार रात्री खांद्याने रेटून लावावं लागत होतं. "ह्या वेळी डागडुजी नको," ती म्हणाली, "एकदाच काय ते बदलून टाका."

बदलायचं यावर आमचं तिघांचं लगेच एकमत झालं. कधी बदलायचं यावर मात्र दोन महिने चर्चा चालली. ती चर्चा, त्यातून झालेला निर्णय आणि पुढच्या पावसाळ्यात दिसलेला परिणाम इथे सविस्तर लिहिते आहे. कोकणात दर वर्षी कितीतरी घरांची दारं-खिडक्या चुकीच्या महिन्यात बसतात, आणि दोष लाकडाला किंवा सुताराला दिला जातो.

आधी काय घडलं होतं

आमच्या खिडक्या जुन्या नव्हत्या. सात खिडक्या आणि तीन दारं अवघ्या चार वर्षांपूर्वीची होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. दापोली आणि मंडणगड त्याच्या दक्षिणेच्या अंगाला, पण वाऱ्याने इकडेही काही शिल्लक ठेवलं नाही. आमची निम्मी कौलं उडाली. पश्चिमेच्या खिडक्यांच्या झडपा बिजागऱ्यांसकट निखळून परड्यात पडल्या. परड्यातला चाळीस वर्षांचा फणस मुळापासून उलटला आणि त्याने मागचं दार चौकटीसह मोडलं.

तेव्हा टाळेबंदी होती. बाहेरचे मजूर गावी गेलेले, दुकानं अर्धवट उघडी, वीज कितीतरी दिवस नाही. चारच दिवसांवर मृग. अशा वेळी गावातल्या सगळ्यांनी जे केलं तेच बाबांनी केलं: पडलेला फणस कापून फळ्या पाडून घेतल्या. बाबा तेव्हा होते. फणसाचं लाकूड चांगलंच असतं, कोकणातली कितीतरी देवघरं आणि दारं त्याची आहेत. पण जूनमध्ये पडलेलं झाड जुलैत चिरलं आणि २२ ऑगस्टच्या गणपतीच्या आत त्याच्या झडपा भिंतीत बसल्या. इंचाला एक वर्ष सुकवायचं, हा आपल्याकडचा जुना ठोकताळा. इथे दीड इंची फळीला दीड महिनाही मिळाला नाही, आणि तो दीड महिना आषाढ-श्रावणातला.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. ऑगस्टमध्ये झडपा इतक्या नेमक्या बसल्या होत्या की सुताराचं कौतुक झालं. जानेवारीत दोन झडपांच्या मधून बाहेरचा रस्ता दिसू लागला. फटीत लांबी (पुटी) भरली. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेलं, त्या झडीने लांबी निघून आली. आत गेलेलं पाणी चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात मुरलं. दोन वर्षांत तिथे बुरशी, तिसऱ्या वर्षी वाळवी. आणि दर पावसाळ्यात ज्या झडपा लागत नाहीत त्यांना रंधा मारायचा, म्हणजे हिवाळ्यात त्या आणखी सैल.

यात लाकडाची दोन वेगवेगळी हालचाल आहे, आणि ती वेगळी ओळखल्याशिवाय हंगामाचा विचार करता येत नाही. पहिली एकदाच होते: ओलं लाकूड सुकताना आक्रसतं ती. सागासारखं शांत समजलं जाणारं लाकूडसुद्धा, ओलावा साधारण तीस टक्क्यांवरून तेरावर आला की रुंदीत तीन टक्क्यांच्या आसपास आत येतं. वीतभर रुंद, म्हणजे साधारण वीस सेंटिमीटरच्या फळीला सहा मिलिमीटर. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. दुसरी हालचाल दर वर्षीची. आपल्या किनाऱ्यावर पावसात लाकूड हवेतला दमटपणा घेऊन सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत जातं, आणि मार्गशीर्ष-पौषात बारा-तेरावर उतरतं. पाच टक्के ओलाव्याचा हा फरक दहा सेंटिमीटर रुंदीच्या उभ्या पट्टीला एक मिलिमीटर फुगवतो. दोन झडपांच्या खिडकीत अशा चार उभ्या पट्ट्या असतात. म्हणजे चार मिलिमीटर, दर वर्षी जाऊन-येऊन. चौकटीच्या खाचेत सैल सोडलेल्या दिल्यांची, म्हणजे मधल्या फळ्यांची, दारं आपल्या जुन्या सुतारांनी केली ती याचसाठी. मधला दिला आतल्या आत फुगतो-आक्रसतो, दाराची रुंदी तेवढी बदलत नाही. आमच्या २०२० च्या झडपा सलग फळ्यांच्या होत्या, कारण तेवढंच जमण्यासारखं होतं. पहिली हालचाल भिंतीत बसल्यावर झाली आणि दुसरी तिच्यावर चढत गेली.

चार जणांचे चार महिने

भावाचं म्हणणं होतं मे महिना. मुलांना सुट्टी, सगळे घरी, पाऊस नाही, आणि लगेच पुढे पावसाळा येत असल्याने काम वेळेत उपयोगी पडेल. कोकणात बहुतेकांचा हाच हिशेब असतो, आणि वरवर पाहता तो बिनचूक आहे.

मी स्वतः ऑगस्टकडे झुकले होते. पुण्याच्या साइटवर अॅल्युमिनियमच्या खिडक्या बाराही महिने बसतात, पावसाळ्यात कारागीर मोकळे असतात, मग गणपतीआधी उरकून टाकावं. इमारतीतल्या फ्लॅटला हे एक वेळ चालेलही. तिथे काँक्रीटची चौकोनी भिंत, वर मजला, आणि खोलीत लाकूड नावापुरतं. इथे उघड्या चिऱ्याची भिंत, जी पावसाळाभर पाणी पिते, हे मी विसरले होते.

आईला मुहूर्ताची काळजी होती. पुढच्या दाराची चौकट म्हणजे उंबरठा आला. पितृपक्षात तो हलवायचा नाही, पौषात नवा बसवायचा नाही. मला हे सुरुवातीला अडथळ्यासारखं वाटलं. नंतर दिनदर्शिका पुढे घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की तिच्या अटी पाळून जो काळ उरतो तोच हवेच्या हिशेबानेही सगळ्यात चांगला आहे.

चौथे आमचे सुतारकाका. वय सत्तरच्या पुढे, आता स्वतः कमी करतात, मुलगा आणि पुतण्या काम ओढतात. जुलैच्या शेवटी मी गावी गेले तेव्हा ते छत्री घेऊन घराभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि पडवीत बसून म्हणाले, "ताई, बघायचं ते आता बघून घे. पावसात खिडकी बोलते. डिसेंबरात विचारलंस तर एक अक्षर सांगायची नाय. बसवायचं मात्र आता नाय. तुळशीचं लग्न होऊ दे."

मला या सगळ्या प्रकरणातून जे कळलं ते त्या वाक्यात आहे. "दारं-खिडक्या बदलायला चांगला हंगाम कोणता" या प्रश्नाला एक उत्तर शोधत बसलो की हमखास फसतो, कारण काम एक नाही. दोष शोधण्याचा हंगाम पावसाळा. लाकूड आणून ठेवण्याचा दसऱ्यानंतरचा. बसवण्याचा मार्गशीर्ष. तिन्ही एकाच पंधरवड्यात कोंबले तर त्यातलं एकच नीट होतं.

मे महिना आम्ही का सोडला तेही सांगायला हवं, कारण भावाला पटवायला मला बराच वेळ लागला. एक, पाणी. चौकटीभोवती सिमेंटचा गिलावा केला की किमान सात दिवस त्याला पाणी मारावं लागतं. मे महिन्यात आमच्या विहिरीत तळ दिसतो, आणि उन्हाने गिलावा तासाभरात पांढरा पडतो. असा गिलावा चौकटीपासून सुटतो, आणि पहिल्या झडीला पाणी त्याच फटीतून आत येतं. दोन, माणसं. एप्रिल-मे म्हणजे आंबा, लग्नं, चाकरमानी, कौलांची शाकारणी, लाकूडफाट्याची बेगमी. सुतार आणि गवंडी दोघेही चार घरांत विभागलेले असतात. तीन, आणि याची मला कल्पना नव्हती: मे महिना गरम असला तरी किनाऱ्यावर कोरडा नसतो. मार्चपासून समुद्रावरून दमट वारा वाढत जातो. हवा खरी कोरडी असते ती डिसेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा सकाळी सह्याद्रीकडून वारा खाली येतो. चार, मागे हटायला जागा नाही. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमाराला लागतं आणि वळीव कधीही येतो. काम चार दिवस लांबलं तर घराला भोक आणि वर पाऊस.

पाऊस संपताच ऑक्टोबरात का नाही, याचं उत्तर सोपं होतं. मुंबईतून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर मानतात. त्यानंतरही चिऱ्यातली ओल महिना-दीड महिना निघत नाही. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळं होतात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार आणि ११ नोव्हेंबर २००९ चं फयान अजून इथल्या खलाशांच्या तोंडी आहे.

श्रावणातलं काम

५ ऑगस्टला श्रावण लागला. त्या आठवड्यात चार दिवस सुट्टी काढून मी घरातल्या अकराही खिडक्या आणि सहाही दारांचा एकेक कागद केला. पाऊस जोरात असताना आतून टॉर्च मारून पाणी पहिल्यांदा कुठे दिसतं ते खडूने भिंतीवर मांडलं, वेळ लिहिली, वारा कुठून आहे ते लिहिलं. दोन टाचण्या रुतवून लाकडातला ओलावा सांगणारं छोटं यंत्र साइटवरून नेलं होतं. पश्चिमेच्या झडपा एकोणीस टक्के, माजघरातलं आजोबांच्या वेळचं सागवानी दार पंधरा टक्के.

या चार दिवसांनी आमचा खर्च आधीच कमी केला. बदलायच्या सातपैकी दोन खिडक्यांत पाणी झडपांतून किंवा चौकटीतून येतच नव्हतं. ते वरच्या छज्ज्यावरून येत होतं. छज्जा भिंतीला जिथे मिळतो तिथे बारीक चीर होती, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसल्याने थेंब उलटा चालत चौकटीच्या माथ्यावर उतरत होता. तिथे नवी खिडकी बसवली असती तरी पातेलं होतं तिथेच राहिलं असतं. हे डिसेंबरात कळण्याचा काही मार्ग नव्हता. तेव्हा फक्त ओल्या डागाचा वाळलेला नकाशा दिसला असता.

दुसरी गोष्ट सुतारकाकांनी करायला लावली. चांगल्या स्थितीतल्या माजघराच्या दाराला, ते पूर्ण फुगलेलं असताना, चौकटीला जिथे टेकतं त्या रेषेवर पेन्सिलीने खूण केली. तसंच जुन्या सागवानी खिडकीच्या दोन झडपांना. "हे याचं पावसातलं माप. नव्याला हिवाळ्यात किती मोकळीक द्यायची ते हेच सांगेल." डिसेंबरात त्याच खुणेपासून दार सव्वादोन मिलिमीटर आत गेलेलं होतं. पुस्तकातली टक्केवारी बरोबर असते, पण आपल्या घराचं, आपल्या वाऱ्यातलं माप हातात असणं वेगळं.

तोवरचा बंदोबस्त साधा ठेवला. पश्चिमेच्या खिडक्यांवर बाहेरून नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधली, आतून ताडपत्री. ७ सप्टेंबरला गणपती आले ते तशाच घरात. आईला ते लागलं. पाहुण्यांसमोर घर असं दिसावं हे तिला नको होतं. गणपतीच्या आत उरकण्याचा मोह कोकणात किती जबर असतो हे मला त्या दिवशी समजलं, आणि २०२० मध्ये बाबांवर तोच किती असेल हेही.

लाकूड

दसरा १२ ऑक्टोबरला झाला आणि आम्ही लाकडाच्या मागे लागलो. वखारीत चौकशी केली तर प्रत्येक जण आपलं लाकूड "सुकलेलं" म्हणतो. सीपी, म्हणजे जुन्या मध्य प्रांताकडचं सागवान, बल्लारशाचं, बाहेर देशातून आलेलं घानाचं, सगळं सुकलेलंच. यंत्राच्या टाचण्या लावल्या तर एका थप्पीत वरची फळी चौदा आणि खालची बावीस. लाकडात किती ओलावा चालेल हे सांगणाऱ्या भारतीय मानकात, आयएस २८७ मध्ये, देशाचे दमटपणाप्रमाणे चार विभाग केलेले आहेत आणि दारं-खिडक्यांसाठी प्रत्येक विभागाची मर्यादा वेगळी आहे. हे फार शहाणपणाचं आहे. विदर्भातल्या उन्हाळ्यासाठी जे लाकूड तयार झालं ते कोकणात फुगणार, आणि इथलं दार नागपूरला नेलं तर मे महिन्यात त्याचे सांधे उघडणार. म्हणून कुठूनही आणा, बसवण्याआधी ते ज्या घरात राहायचं तिथल्या हवेत काही आठवडे राहिलं पाहिजे.

शेवटी चौकटींसाठी आम्ही जुनं लाकूड घेतलं. पुण्यात पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि खांब वखारींत विकायला येतात. शंभर वर्षं छपराखाली राहिलेलं सागवान, त्याची पहिली हालचाल केव्हाच होऊन गेलेली. त्याचा त्रास वेगळा. आत तुटलेले खिळे असतात. करवतीची दोन पाती त्यात गेली. पण चिरल्यावर आतून जो तेलकट सोनेरी रंग आणि वास आला, तेव्हा सुतारकाका काही न बोलता हात फिरवत राहिले.

ही चिरलेली लाकडं पडवीत, खाली विटा, प्रत्येक थरामध्ये पट्ट्या, टोकांना रंगाचा हात, अशी सात आठवडे रचून ठेवली. दर रविवारी आई तीच तीन लाकडं तपासून आकडे मला फोनवर सांगायची. ऑक्टोबरच्या शेवटी सोळा, तुळशीच्या लग्नाला साडेचौदा, नोव्हेंबरच्या अखेरीस तेरा.

पश्चिमेच्या तीन खिडक्यांना मात्र लाकूड नको असं ठरलं. समोरून थेट झड, हवेत मीठ. तिथे पावडर कोटिंगचं अॅल्युमिनियम घेतलं, आणि सरकत्या नव्हे तर बाहेर उघडणाऱ्या झडपांचं. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साचतं, ते बाहेर जाण्याची बारीक भोकं मातीने बुजतात, आणि वारा ते पाणी आत ढकलतो. उघडणारी झडप रबरावर दाबून बसते. बिजागऱ्या आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, कारण साध्या लोखंडाला इथे दोन पावसाळ्यांत गंज चढतो. या खिडक्या करणाऱ्या कारखान्यातले कारागीर उत्तर प्रदेश-बिहारचे. ते दिवाळी आणि छटपूजेला गेले ते नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात परतले. हे आधी विचारून ठेवलं होतं म्हणून खोळंबा झाला नाही.

मार्गशीर्ष

२ डिसेंबरला मार्गशीर्ष लागला. आदल्या रात्री मी भिंतींवर प्लॅस्टिकचे हातभर चौकोन चिकटपट्टीने सगळीकडून बंद करून लावले होते. सकाळी प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर भिंतीत ओल आहे. उत्तरेच्या एका भिंतीवर धरलं, ती खिडकी शेवटी ठेवली. बाकी कोरडं.

पहिल्याच आठवड्यात हवेने थोडी परीक्षा पाहिली. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आलेल्या फेंगल वादळाचे अवशेष अरबी समुद्रात उतरले आणि आकाश भरून आलं. आंबेवाले मोहोराच्या काळजीत. आमचं बसवण्याचं काम थांबलं नाही, फक्त लाकडाला तेल लावणं पुढे ढकललं. मे महिन्यात हेच ढग आले असते तर सगळंच थांबलं असतं. डिसेंबरात पुढे अडीच-तीन महिने कोरडे पडलेले असतात, त्यामुळे कुणाच्या हातात घाई येत नाही.

पुढच्या दाराची चौकट ५ तारखेला, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी बसली. आईने चौकटीला हळद-कुंकू वाहिलं, उंबरठ्याखाली तांब्याचं नाणं ठेवलं, नारळ फोडला. चौकटीच्या भिंतीकडच्या बाजूंना वाळवीचं औषध आणि वर डांबराचा हात आधीच दिलेला होता. दोन्ही बाजूंना तीन-तीन लोखंडी पाय चिऱ्यात काँक्रीटने धरले. ओळंबा, गुण्या, पाणसळ, आणि दोन्ही कर्ण दोरीने मोजून सारखे आहेत का ते. विहीर काठोकाठ होती. आईने सात दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी मारलं.

रोज दोनच चौकटी काढायच्या आणि अंधार पडायच्या आत त्या बंद करायच्या, असा नियम केला. आमच्याकडे वानरं आहेत, सापही निघतात, आणि आई घरात असताना रात्री भिंतीला भोक ठेवणं मला मान्य नव्हतं. काम एकोणीस दिवस चाललं. मजुरीचा दर हंगामामुळे कमी झाला नाही. पण एकोणीसच्या एकोणीस दिवस तीच माणसं आली, आणि कोकणात कामाचा दर्जा यावरच ठरतो.

झडपा लावताना सुतारकाकांच्या पुतण्याने त्या चांगल्या नेमक्या बसवल्या. काकांनी काढायला लावल्या. "आता सुंदर दिसतंय. मृगात उघडायचं नाय." त्यांनी खिशातून रुपयाची दोन नाणी काढली, एकावर एक धरून झडप आणि चौकट यांच्या फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवली. दोन नाणी अडकायला नकोत, तिसरं जायला नको. श्रावणातल्या पेन्सिलीच्या खुणांशी हे माप जुळत होतं.

चुका झाल्या, दोन. मागच्या दाराच्या फटीतून उंदीर येतील म्हणून आईने ते घट्ट करून मागितलं आणि आम्ही तिचं ऐकलं. दुसरी चूक सर्वस्वी माझी. उत्तरेच्या खिडकीभोवती सिलिकॉन भरण्याचं काम सकाळी आठला सुरू करू दिलं. डिसेंबरात आमच्याकडे दव इतकं पडतं की कौलांवरून पागोळ्या गळतात. भिंत हाताला फक्त गार लागली, म्हणून मी पुसून घ्यायला सांगितलं नाही. सिलिकॉनला कोरडा पृष्ठभाग लागतो. बाकीच्या खिडक्यांना आम्ही अकरानंतर हात घातला होता, या एकीलाच घाई केली. हिवाळा कोरडा म्हणताना त्याची पहाट कोरडी नसते हे ध्यानात ठेवायला हवं.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिच्याकडे हे काम थंडीच्या आत उरकतात, कारण कडाक्याच्या थंडीत सीलंट नीट धरत नाही आणि उघड्या खिडकीतून घराची ऊब जाते. तिने काळजीने विचारलं होतं, "डिसेंबरात कसं गं करताय?" तिला तिथली अडचण थंडीची, आम्हाला ओलीची. कॅलेंडर जवळजवळ उलटं होतं.

पुढचा पाऊस

२०२५ मध्ये पावसाने कुणालाच वेळ दिला नाही. २० मेच्या पुढे कोकणात जोरदार सरी सुरू झाल्या. २५ मेला मोसमी पाऊस देवगडपर्यंत आला आणि २६ तारखेला मुंबईत, जिथे सरासरी तारीख ११ जून आहे. आमच्या वाडीत एका घरी त्याच आठवड्यात चौकटी काढलेल्या होत्या. सुट्टीत सगळे जमले होते, काम ३१ मेपर्यंत संपणार होतं. त्यांनी ताडपत्र्या बांधल्या, पण ओला गिलावा धुऊन गेला, नव्या झडपा पडवीत भिजल्या, आणि जूनमध्ये त्या तशाच बसवाव्या लागल्या. २०२० चं आमचंच घर मी पुन्हा पाहत होते. भाऊ त्या दिवशी त्यांच्याकडे ताडपत्री धरायला गेला होता. परत आल्यावर त्याने मेचा विषय पुन्हा काढला नाही.

आमच्याकडे पश्चिमेची खोली कोरडी राहिली. छज्ज्याला खाच काढून चीर भरलेल्या दोन खिडक्याही. उत्तरेच्या खिडकीत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या कोपऱ्यातून ओल आली. सिलिकॉनची पट्टी बोटाने सालासारखी निघाली. मागचं दार जुलैत अडकलं. सुतारकाकांचा मुलगा रंधा घेऊन आला होता. आईनेच त्याला थांबवलं. ते दार तिने पावसाळाभर नुसतं लोटून, आतून अडसर घालून वापरलं. आता त्याला जानेवारीत, कोरडं असताना, दोन नाण्यांच्या मापाने उतरवायचं आहे.

२७ ऑगस्टला गणपती आले. दुपारी जेवणं झाल्यावर सुतारकाका पानाचा डबा घेऊन पडवीत बसले होते. उठले, पुढच्या दाराशी गेले, खिशातून एक नाणं काढून फटीत सरकवून पाहिलं. ते जरा दाबून, पण वरपासून खालपर्यंत गेलं. दुसरं त्यांनी काढलंच नाही.